पूर्ण गणित

शाळेत खोकं आलं त्या दिवशी टाचणी वाचनालय झाडत होती. शिक्षा होती ती. टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता हजेरीपटाबाहेर कुठे उरलंही नव्हतं. अंगाने काडी, आणि तोंड उघडलं की कुणाला ना कुणाला टोचणार. त्या दिवशी ती भूगोलाच्या सरांना टोचली होती. "सर, नकाशा उलटा टांगलाय," असं भर वर्गात मोठ्याने म्हणाली. नकाशा खरोखरच उलटा होता, आणि म्हणूनच सर जास्त चिडले.

खोकं कुठल्याशा संस्थेच्या दोन माणसांनी आणलं. एकाने वाचनालयाच्या मॅडमची सही घेतली, दुसऱ्याने मॅडमना खोक्याशेजारी उभं करून फोटो काढला. "मुलांनी आपापलं करायचंय सगळं. तुम्हाला काही बघावं लागणार नाही," असं सांगून दोघं आल्या पावली गेले. मॅडम कसंनुसं हसल्या. वाचनालय, शिवण, संगीत, प्रथमोपचाराची पेटी आणि गच्चीवरची पाण्याची टाकी, इतकं सगळं त्या एकट्या बघत होत्या. न बघता होणारी गोष्ट त्यांच्या वाट्याला अजून आली नव्हती.

खोक्यात चाळीस वह्या निघाल्या. जाड पुठ्ठा, वर हसणारी मुलं, आणि नाव 'माझी वाट मीच शोधणार'. मोठेपणी काय करायचं हे ज्याला सांगणारं कुणी नाही, त्याने ही वही भरायची. आधी शंभर प्रश्न, मग उत्तरांची बेरीज, बेरजेतून निघालेली तीन अक्षरं, आणि शेवटी त्या अक्षरांवरून शोधायची कामांची यादी.

"मॅडम, मी एक घेऊ?" टाचणीने झाडू भिंतीला टेकवून विचारलं.

"उद्या सगळ्या नववीला देणार आहे. आधी तो कोपरा झाड."

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला वह्या वाटल्या आणि पाच मिनिटांत वर्गात हशा पिकला. त्याला कारण रेडिओ. रेडिओ म्हणजे टाचणीची बाकावरची मैत्रीण. सकाळी सुरू झाली की शाळा सुटेपर्यंत बंद होत नसे.

"मॅडम, बारावा प्रश्न. 'तुमच्या खोलीतली पुस्तकं तुम्ही विषयवार लावून ठेवता का?' खोलीच नसेल तर काय लिहायचं?"

"नाही, असं लिही."

"आणि पुस्तकं नसतील तर?"

"तरी नाहीच."

"म्हणजे मला पुस्तकं लावायला आवडत नाही असं ठरणार. पण मला आवडलं असतं हो!"

वर्ग हसला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वही हातात घेतली, बारावा प्रश्न वाचला, मग तेरावा, मग पुढचं पान. सुट्टीतल्या प्रवासाचे बेत, घरच्या बागेतली झाडं, स्वतःचा संगणक. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं.

"बारावा खोडा," त्या म्हणाल्या. "त्याच्या वर लिहा: घरातल्या फडताळातल्या वस्तू मला जागच्या जागी लागतात का? आता तेरावा वाचा."

त्या तासाला नववीने एकोणीस प्रश्न खोडले आणि एकोणीस नवे लिहिले. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही, असं त्या शाळेत क्वचितच घडायचं.

एक प्रश्न मात्र न खोडताही थेट टाचणीसाठीच होता. 'बंद पडलेलं यंत्र दिसलं की ते उघडून बघावंसं वाटतं का?' त्यापुढच्या 'हो'वर तिने इतक्या जोरात खूण केली की मागचं पान फाटलं. घरात इस्त्री तिने उघडली होती, दाराची घंटा उघडली होती, आणि एकदा मावशीचं शिवणयंत्र. इस्त्री आणि घंटा सुरू झाल्या. शिवणयंत्राचा एक स्क्रू जास्तीचा उरला आणि मावशीचे दोन दिवस बुडाले. त्यावरून झालेली बोलणी टाचणीला अजून तोंडपाठ होती.

बेरीज करून तीन अक्षरं आली. यादीत त्या अक्षरांपुढे पहिलंच काम होतं, वैद्यकीय उपकरण तंत्रज्ञ.

"म्हणजे काय हो मॅडम?"

"दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करणारा माणूस असावा," मॅडम म्हणाल्या. "खरं सांगू का, मीही असा माणूस पाहिलेला नाही."

घरी आईने मात्र पाहिलेला होता. आई मोठ्या इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कामाला होती. चादरी, डॉक्टरांचे डगले, पडदे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. संध्याकाळी ती पाय पसरून बसली असताना टाचणीने तिच्यापुढे वही धरली.

"ही तर आमची मीटरबाई!" आई म्हणाली. "गळ्यात सदा ते वीज मोजायचं मीटर अडकवलेलं असतं. तळघरात आमच्या पलीकडेच खोली आहे तिची. मोठमोठे डॉक्टर तिच्या दारात ताटकळत उभे असतात."

"बाई आहे?"

"मग काय तर. आणि नाकावर माशी बसू देत नाही. आमचा ड्रायर अडला की तिच्या हातापाया पडावं लागतं."

"मला भेटव."

"अगं, ती डॉक्टरांना भेटत नाही, तुला कुठली भेटणार?"

टाचणी दोन दिवस मागे लागली. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "चल बाई, चल एकदाची. तिने हाकललं की परत माझं डोकं खाऊ नकोस."

शनिवारी टाचणी आईबरोबर तळघरात उतरली. लॉन्ड्रीत वाफेने समोरचं माणूस दिसत नव्हतं. माणूस उभा राहील एवढे ड्रम फिरत होते आणि बायका एकमेकींशी ओरडूनच बोलत होत्या. त्यापलीकडे एक अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला अर्धं उघडं दार. आईने दुरूनच दार दाखवलं आणि ती कामावर गेली.

आत टेबलावर यंत्रांची पोटं उघडी पडली होती. निळा डगला घातलेली, केस आखूड कापलेली एक बाई एका छोट्या पेटीत डोकं खुपसून बसली होती.

"ड्रायर परत बंद?" तिने मान वर न करताच विचारलं.

"नाही. मला तुम्हाला विचारायचं होतं..."

"विचार. पण नुसती उभी राहू नकोस. तो टॉर्च धर. इथे. हलवू नकोस."

टाचणीने टॉर्च धरला. हात भरून आला तरी हलवला नाही. पेटी म्हणजे औषधाचा पंप होता. पेशंटच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणारा.

"तासाला पाच मिलिलिटर जायला हवं," मीटरबाई म्हणाली. "हा साडेपाच सोडतोय. किती जास्त?"

"अर्धा."

"अर्धा तर मलाही दिसतोय. शेकडा किती?"

टाचणीने मनात हिशेब केला. "दहा."

"हं. मोठ्या माणसाला दहा टक्के जास्त गेलं तर तो झोपेल थोडा जास्त. चार दिवसांच्या बाळाला गेलं तर?"

 टाचणीने टॉर्च आणखी घट्ट धरला. मीटरबाईने एक बारीक स्क्रू अर्धा वळसा फिरवला, थांबली, मोजलं, परत पाव वळसा. बराच वेळ तसंच चाललं. आकडा पाचवर आला तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली.

"हं, काय विचारायचं होतं?"

"मला हे काम करायचंय. काय करावं लागतं?"

"गणित कुठलं घेतलंयस?"

"साधं."

मीटरबाईने हातातली पकड खाली ठेवली. "का?"

"आमच्या शाळेत सगळ्यांना साधंच असतं."

"मग हे काम डोक्यातून काढून टाक."

"का काढून टाकू?" टाचणी टोचलीच.

मीटरबाईने तिच्याकडे नीट पाहिलं, मग पायानेच एक स्टूल तिच्याकडे सरकवलं. "बस. या कामाचा कोर्स असतो, तीन वर्षांचा. तिथे अर्जातच पहिली ओळ असते, पूर्ण गणित घेऊन दहावी पास. साधं असेल तर अर्ज आतसुद्धा घेत नाहीत. मला कसं कळलं माहीत आहे? अर्जाच्या खिडकीवर. रांगेत चार तास उभी राहिले आणि खिडकीतल्या माणसाने कागद परत सरकवला. पुढची तीन वर्षं भांड्यांच्या कारखान्यात काम करत बाहेरून गणिताची परीक्षा दिली. दोनदा नापास झाले. तुझ्या शाळेसारखीच शाळा होती माझी."

टाचणीने पिशवीतून वही काढली. "पण यात तर असं काही लिहिलेलं नाही."

मीटरबाईने यादीचं पान उघडलं. कामाच्या नावापुढे कडेला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलं होतं: पू. ग.

"हे काय आहे मग?"

"आम्हाला वाटलं पुस्तकाचा नंबर वगैरे असेल."

"पूर्ण गणित," मीटरबाई म्हणाली. "याचा खुलासा कुठेतरी असणार. मास्तरांच्या वेगळ्या पुस्तकात वगैरे."

मास्तरांचं पुस्तक खोक्यात नव्हतंच. टाचणीने सोमवारी सकाळी मॅडमबरोबर खोकं उलटं करून झटकलं, तरी आतून नुसता भुसा पडला. मग ती आणि रेडिओ वाचनालयाच्या जमिनीवर बसून मोजायला लागल्या. यादीत एकशे बारा कामं होती. रेडिओ नावं वाचायची आणि टाचणी 'पू. ग.' दिसलं की रेघ मारायची. नकाशे काढणारा, पू. ग. औषधं बनवणारी, पू. ग. विजेच्या तारा ओढणारा, पू. ग. विमानतळावरून विमानांना वाट सांगणारी, पू. ग.

"अगं, वास्तू आखणारासुद्धा!" रेडिओ म्हणाली. "बांधकामावर तुझे बाबा ज्याच्या नावाने बोटं मोडतात तो."

एकाहत्तर रेघा झाल्या. एकशे बारातल्या एकाहत्तर कामांची दारं त्यांच्या वर्गाला गेल्या जूनमध्येच बंद झाली होती, आणि बंद होताना साधा आवाजही झाला नव्हता. रेडिओ पूर्ण एक मिनिट गप्प बसली. मॅडमनी वही हातात घेतली आणि त्या नुसत्याच पानाकडे बघत राहिल्या.

"गेली सहा वर्षं विषयाचे अर्ज मीच मुलांकडून भरून घेते," त्या हळूच म्हणाल्या. "हेडसर सांगतात, साधं गणित लिहा. मी लिहायला सांगते."

"आता बदलता येईल?"

"सहामाहीपर्यंत बदलता येतो विषय. पण हेडसरांची सही लागेल."

हेडसर वाईट माणूस नव्हते. शाळेचं छप्पर गळायचं तेव्हा स्वतः वर चढून पत्रा बसवणारे ते. मधल्या सुट्टीत टाचणी, रेडिओ आणि मॅडम त्यांच्या खोलीत गेल्या तेव्हा ते दाराची कडी ठोकून सरळ करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकाहत्तर रेघांचं पान बघितलं, आणि हातातली हातोडी खाली ठेवली.

"सात वर्षांपूर्वी या शाळेत सगळ्यांना पूर्ण गणित होतं," ते म्हणाले. "निम्मी मुलं नापास व्हायची. नापास झाली की परत शाळेचं तोंड बघायची नाहीत. वरून पत्र आलं, निकाल असाच राहिला तर शाळा बंद करू. गणिताला मास्तर एक, वर्ग सहा. साधं गणित आणलं, निकाल वर गेला, शाळा वाचली. आता तू म्हणतेस मी चूक केली."

"मी तसं नाही म्हणत, सर," टाचणी म्हणाली. आणि मग तिला राहवलं नाही. "पण आम्हाला विचारायला हवं होतं."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. आता झाडू तर नक्की, आणि वर आणखी काय कोण जाणे! पण हेडसरांनी आवाज चढवला नाही. ते उठून खिडकीशी गेले. मैदानात पाचवीची पोरं एकमेकांना पाडत होती.

"सहामाहीला पाच आठवडे आहेत," ते तिकडे बघतच म्हणाले. "ज्यांना पूर्ण गणित हवंय त्यांनी पाच आठवड्यांनी परीक्षा द्यायची. आत्तापर्यंतचा सगळा अभ्यासक्रम. शंभरात चाळीस पडले त्याचा अर्ज मी स्वतः बदलीन. चाळीस म्हणजे चाळीस. एकोणचाळीसवाला माझ्याकडे रडत येणार नाही. कबूल?"

"कबूल," टाचणी आणि रेडिओ एकदमच म्हणाल्या.

पहिल्या दिवशी अकराजणं आली. सकाळी सात वाजता शिवणाची खोली तेवढी रिकामी असायची, म्हणून शिवणयंत्रांवर झाकणं घालून त्यांचेच बाक केले. गणिताच्या सरांनी आठवड्यातून दोन दिवस यायचं कबूल केलं. बाकीचे दिवस मुलांचे मुलांनीच काढायचे होते. ती कल्पना टाचणीची. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंच होतं ना, आपलं आपण करायचं! तिने धडे वाटून टाकले. ज्याला जो धडा, त्याने तो आधी घरी फोडून यायचं आणि इतरांना शिकवायचं.

यात चमकली ती रेडिओ. एकच गोष्ट ती पाच तऱ्हांनी सांगायची, समोरच्याचा चेहरा बघत बघत, आणि डोळे लकाकल्याशिवाय सोडायची नाही. "एवढं बोलणं कधीतरी कामाला येईल असं वाटलं नव्हतं," गणिताचे सर दारात उभे राहून म्हणाले.

टाचणीचं गाडं आकड्यांत भरधाव जायचं आणि भूमितीत रुतायचं. 'सिद्ध करा' हे दोन शब्द वाचले की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"दिसतंय ना सर, काटकोन आहे. मग सिद्ध काय करायचं त्यात?"

"तो एकोणनव्वद अंशांचा असला तर डोळ्याला कळेल तुझ्या?"

"नाही."

"मग बस आणि सिद्ध कर."

ती बसायची, चार ओळी लिहायची, पाचवीला अडखळायची आणि पान उलटून हिशेबाच्या गणितांकडे पळायची. तिथे सगळी उत्तरं बरोबर यायची, जिवाला बरं वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यात दोघांनी येणं सोडलं. तिसऱ्या आठवड्यात आणखी दोघं. उरली सात. घरी मावशीचं तोंड वेगळंच चालू झालं. मावशी आईची धाकटी बहीण, त्यांच्याकडेच राहायची आणि एका कारखान्यासाठी घरी बसून गणवेश शिवायची. अलीकडे तिला सुईत दोरा ओवता येईना. दहावी झाली की टाचणीला त्याच कारखान्यात लावून द्यायचं तिने मालकिणीशी बोलून ठेवलं होतं.

"मी शब्द टाकलाय तुझ्यासाठी," मावशी म्हणाली. "आणि तू पहाटे उठून त्रिकोण काढतेस."

"मला शिवण येत नाही मावशी. तुझ्या यंत्राचं काय केलं होतं मी, विसरलीस?"

"ते मी जन्मात विसरणार नाही," मावशी म्हणाली, आणि हसू आलं तसं तिने दाबून टाकलं. पण डोळे चोळत ती परत कपड्यावर वाकली, तेव्हा टाचणीला स्वतःचीच बोलणी टोचली. त्या दिवसापासून शाळेत जाण्याआधी ती मावशीला वीस सुया ओवून ठेवू लागली.

परीक्षा झाली. सातजणं बसली. तीन दिवसांनी हेडसरांनी सगळ्यांना बोलावलं आणि कागद वाचला. रेडिओला एकोणसाठ. आणखी तिघांना चाळिसाच्या वर. टाचणीला अडतीस.

 रेडिओचाच चेहरा पडला. "सर, हे सगळं तिनेच तर..."

"माहीत आहे मला," हेडसर म्हणाले. त्यांनी पेपर टाचणीच्या हातात दिला. हिशेबाची जवळपास सगळी गणितं बरोबर होती. भूमितीची तीन उदाहरणं कोरी. "दोन गुण मी कुठूनही आणू शकलो असतो. मग चाळीस कशाला म्हणायचं?"

"नको सर," टाचणी म्हणाली. तिने डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. "तुम्ही सांगितलं होतं."

बाहेर आल्यावर ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन पोटभर रडली. मग तोंड धुतलं आणि सरळ वाचनालयात गेली. मॅडम पुढच्या वर्षासाठी परत घेतलेल्या वह्यांवर कागदाची पट्टी चिकटवत होत्या. प्रत्येक यादीच्या वर, ठळक अक्षरांत, पू. ग. म्हणजे काय ते लिहिलेलं.

"मॅडम, नववी परत करता येते?"

मॅडमचा हात थांबला. "नापास न होता?"

"हो. मुद्दाम. जूनपासून परत नववीत बसायचं आणि पूर्ण गणित घ्यायचं."

"नियमात बसतं. पालकांची सही लागते." मग त्यांनी हातातली पट्टी बाजूला ठेवली. "तू नीट विचार केलायस का? तुझा वर्ग पुढे जाईल. रेडिओ दहावीत असेल."

"टाकीमागे केला," टाचणी म्हणाली.

घरी तिने जेवणं झाल्यावर विषय काढला. आधी सगळं सांगितलं, मग अर्ज मध्ये ठेवला. मावशी लगेच उसळली. "धडधडीत पास होणारी पोर परत त्याच वर्गात? असं कधी कुणी केलंय का?"

आईने तिला हाताने थांबवलं. "धाकट्या पोरांच्या बाकावर बसताना लाज नाही वाटणार?"

"वाटेल."

"मग?"

"वाटू दे. होईल सवय."

"आणि एक वर्ष उशिरा हाताशी येशील तू. ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे. सुट्टीच्या दिवशी लॉन्ड्रीत घड्या घालायला येईन मी तुझ्याबरोबर. मुकादमबाईंना विचारून ठेवलंय."

"कधी विचारलंस?"

"आज, शाळेतून येताना."

आईने कपाळावर हात मारला, पण तो हात खाली आला तेव्हा तिचं तोंड जरा हसलं होतं. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा गवंडी. दिवसभर विटांशी बोलून झालेलं असल्यासारखे घरी गप्प असायचे. त्यांनी अर्ज उचलून दिव्याजवळ धरला, सावकाश वाचला.

"भिंत ओळंब्यात नसली तर मी पाडतो," ते म्हणाले. "मालक शिव्या घालतो, दिवस फुकट जातो. तरी पाडतो. कंबरेएवढी असतानाच पाडलेली बरी. पेन कुठाय?"

त्यांनी सही केली. आईने केली. मावशी उठून आत गेली आणि आठ दिवस टाचणीशी जेवढ्यास तेवढंच बोलली. नवव्या दिवशी म्हणाली, "कारखान्यातली यंत्रंसुद्धा बंद पडतात. त्यांना दुरुस्तीला बाहेरून माणूस येतो आणि मालकीण त्याला चहा देते. आम्हाला नाही देत." एवढंच. पण टाचणीला ते पुरलं.

जूनमध्ये नव्या नववीच्या पालकांची सभा झाली. यंदा हेडसरांनी 'साधं गणित लिहा' असं सांगितलं नव्हतं. त्यांनी दोन्ही गणितं समजावून सांगितली, कोणत्याने काय मिळतं, कोणत्यात किती धोका आहे. नापास होणाऱ्यांचा जुना आकडाही लपवला नाही. मग शेवटच्या बाकाकडे हात केला. "हिला विचारा. ही मुद्दाम परत बसली आहे."

टाचणी उभी राहिली. समोर कामावरून तसेच आलेले आईबाप होते. कुणाच्या कपड्यांना रंग, कुणाच्या हाताला वंगण. एक बाई म्हणाली, "पोरी, माझी मुलगी गणितात कच्ची आहे. तिला कशाला या फंदात पाडू?"

"तिला काय व्हायचंय, मावशी?"

"कोण विचारतंय तिला!"

"मग आधी मॅडमकडची ती वही तिला भरू द्या. तिच्या कामापुढे पू. ग. नसेल तर साधं घ्या. काही बिघडत नाही. असेल तर सकाळी सातला शिवणाच्या खोलीत पाठवा. आम्ही आहोत तिथे. दहावीची रेडिओ शिकवते, तिच्यापुढे कुणी कच्चं राहत नाही."

त्या दिवशी चाळिसांपैकी सतरा पालकांनी पूर्ण गणितावर सही केली. बारांनी विचार करतो म्हणून अर्ज घरी नेले. बाकीच्यांनी साधं लिहिलं, पण विचारून, समजून लिहिलं. गणिताला दुसरा मास्तर मिळावा म्हणून हेडसरांनी पत्र धाडलं. उत्तर अजून आलेलं नव्हतं, तेव्हा त्यांनी दुसरं धाडलं.

टाचणीला लाज वाटलीच. पहिला महिनाभर धाकटी पोरं तिला 'ताई' म्हणायची आणि मागून खुसपुसायची. जुना वर्ग समोरच्या खोलीत बसायचा. तिथला हशा ऐकू आला की टाचणीची मान आपोआप वळायची. मग तिने बाकच बदलून खिडकीपासून लांबचा घेतला. भूमितीचा धडा तिने स्वतःकडे मागून घेतला आणि वर्गाला शिकवला. अडखळत शिकवला, तीनदा खोडून शिकवला, पण पान उलटलं नाही.

ऑगस्टातल्या चाचणीत तिला शंभरात बासष्ट पडले. गणिताच्या सरांनी पेपर तिच्यापुढे ठेवला आणि एका ओळीनंतरच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं.

"हे सातवं का सोडलंस?"

"वेळ संपला, सर. सुरुवात केली होती."

"आता वेळ आहे?"

तिने फळ्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं. शाळा सुटायला वीस मिनिटं होती. तिने पेन्सिलीला टोक केलं, त्रिकोण मोठा काढला, काय दिलंय आणि काय सिद्ध करायचंय ते वर लिहिलं, आणि पहिल्या ओळीपासून लागली.